मोलकरणींचा पगार आणि आयर्लंडचं स्वातंत्र्य

दरवर्षी १७ मार्चच्या आसपास एक फोटो जगभरच्या बातम्यांत झळकतो. आयर्लंडचे पंतप्रधान व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना एक काचेचं भांडं देतात. त्यात शॅमरॉकची हिरवीगार तीनदळी पानं असतात. अध्यक्षांना शॅमरॉक पाठवण्याची ही प्रथा १९५२ पासूनची. आयर्लंडची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. मग एवढ्याशा देशाला वॉशिंग्टनचं दार दरवर्षी हमखास कसं उघडतं?

याचं ठरलेलं उत्तर आहे, आयरिश डायस्पोरा. डायस्पोरा म्हणजे मायदेश सोडून दुसरीकडे स्थायिक झालेला, पण मायदेशाशी नातं टिकवून असलेला समाज. अमेरिकेत कोट्यवधी लोक स्वतःला आयरिश वंशाचे मानतात आणि त्यांची मतं मोजली जातात. उत्तर बरोबर आहे, पण ते ऐकताना डोळ्यांसमोर येतात ते पुरुषच: रेल्वेमार्ग टाकणारे मजूर, न्यूयॉर्कचे पोलीस, वॉर्डावॉर्डातले पुढारी. या समाजाने आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी परदेशातून जो पैसा आणि दबाव उभा केला, त्यात बायकांचा हात फार मोठा होता. त्यांना नेतृत्व मिळालं ते बहुतेक वेळा पुरुष तुरुंगात असताना, आणि पुरुष सुटून आले की ते काढून घेतलं गेलं. ही गोष्ट नीट सांगायला हवी.

## मुली एकट्या का निघाल्या?

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं पोट बटाट्यावरच चालत होतं. सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली ८० लाखांवर असलेली लोकसंख्या दहा वर्षांत ६५ लाखांच्या आसपास आली. देश तेव्हा ब्रिटिश राजवटीखाली होता. जमीन बहुतांशी मोठ्या जमीनदारांची होती आणि कसणारे कुळं होते.

दुष्काळ ओसरल्यावर शेतकरी कुटुंबांनी एक धडा घेतला: जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. शेत एका मुलाला, हुंड्याची रक्कम एका मुलीला. बाकीच्यांना जमीन नाही, लग्नाची आशा नाही, गावात काम नाही. ते निघाले.

युरोपातल्या इतर देशांतून साधारणपणे आधी पुरुष जात, मागाहून बायका-मुलं. आयर्लंडातून मात्र अविवाहित मुली एकेकट्या निघाल्या. थोरली बहीण बोस्टनला पोचली की पैसे साठवून धाकटीसाठी जहाजाचं तिकीट पाठवायची, धाकटी तिच्याहून धाकटीसाठी. १८८५ ते १९२० या काळात सुमारे ७ लाख तरुणींनी आयर्लंड सोडलं आणि त्यातल्या बहुतेक अविवाहित होत्या.

## पगार कुणाच्या खिशात जायचा?

न्यूयॉर्क-बोस्टनमध्ये यातल्या असंख्य मुली श्रीमंतांच्या घरी मोलकरणी झाल्या. काम पहाटेपासून रात्रीपर्यंत, सुट्टी आठवड्यातून एखादी दुपार. वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं त्यांना ‘ब्रिजेट’ म्हणून हिणवत: अडाणी, उर्मट, भांडी फोडणारी. पण राहणं-जेवण मालकाकडे असल्याने पगार जवळजवळ अख्खा शिल्लक राहायचा. न्यूयॉर्कमध्ये आयरिश स्थलांतरितांसाठी १८५० साली एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक निघाली. तिच्या खातेदारांत अशा बायका मोठ्या संख्येने होत्या.

शिल्लक पैसा घरी जायचा. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी आणि गावात पोस्टमनची वाट बघणारं घर हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. आयर्लंडात तो चाकरमानी बहुधा मुलगी असायची.

इथेच राजकारण सुरू होतं. घरी गेलेल्या त्या पैशातून आईबाप काय भरत? जमिनीचा खंड. म्हणजे बोस्टनमध्ये दुसऱ्याच्या घरची फरशी पुसून मिळवलेला डॉलर शेवटी आयर्लंडातल्या जमीनदाराच्या तिजोरीत पडायचा. खंड वाढला की तिच्या पगाराला कात्री. कुळाला जमिनीवरून हुसकावलं की तिचे आईबाप रस्त्यावर. आयर्लंडचा जमीनप्रश्न तिला सभेत कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

## १८८०: बायकांची स्वतंत्र लीग

१८७९ साली आयर्लंडात लँड लीग स्थापन झाली. ही कुळांची संघटना. खंड कमी करा, हुसकावणं थांबवा आणि शेवटी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, या तिच्या मागण्या. मायकल डॅव्हिट आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल हे तिचे पुढारी.

पार्नेल यांच्या बहिणी फॅनी आणि ॲना यांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. त्यांची आई डेलिया अमेरिकन होती, एका नौदल अधिकाऱ्याची मुलगी. फॅनी न्यू जर्सीतल्या बोर्डनटाउनला आईबरोबर राहत. कुळांनी पिकवलेलं धान्य जमीनदाराला देऊ नये, असं बजावणाऱ्या त्यांच्या कवितेने आयर्लंडात खळबळ उडवली होती. ऑक्टोबर १८८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये लेडीज लँड लीग सुरू केली आणि डेलिया तिच्या अध्यक्ष झाल्या. शहरोशहरी शाखा निघाल्या. आयरिश बायकांनी आपल्या नावाने उघडपणे चालवलेली एवढी मोठी राजकीय संघटना याआधी नव्हती. फॅनी १८८२ च्या जुलैत गेल्या, अवघ्या ३३ व्या वर्षी.

एक गोष्ट लक्षात घ्या. बायकांची लीग आधी अमेरिकेत निघाली. आयर्लंडातली शाखा ॲना यांच्या नेतृत्वाखाली ३१ जानेवारी १८८१ ला सुरू झाली. गावात बाप, भाऊ आणि पाद्री यांच्या नजरेखाली जे जमलं नसतं, ते परक्या शहरात स्वतःचा पगार हाती असलेल्या बायकांना आधी जमलं.

ऑक्टोबर १८८१ मध्ये सरकारने लँड लीगचे पुढारी पकडून डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात टाकले. तुरुंगातून त्यांनी फर्मान काढलं: कुणीही खंड भरू नका. फर्मान काढणं सोपं होतं. त्याची अंमलबजावणी बाहेर उरलेल्या बायकांवर आली. कोणत्या जमीनदाराकडे किती कुळं, खंड किती, नोटिसा किती, याच्या त्यांनी तपशीलवार नोंदी ठेवल्या. हुसकावलेल्या कुटुंबांसाठी लाकडी झोपड्या उभारल्या. कैद्यांच्या घरी पैसे पोचवले. या कामाला लागणारा पैसा मुख्यतः अमेरिकेतून येत होता.

सरकारने त्यांनाही पकडलं, आणि कसं ते पाहा. पुरुषांना राजकीय संशयित म्हणून ठेवलं होतं. बायकांवर मात्र चौदाव्या शतकातला, तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळचा कायदा लावला. तो कायदा तेव्हा वेश्या आणि भटक्यांविरुद्ध वापरला जाई. नुसती शिक्षा करून भागत नव्हतं, त्या बायकांची अब्रूही काढायची होती.

मे १८८२ मध्ये पार्नेल यांनी सरकारशी समझोता केला आणि ते सुटले. बहिणीच्या संघटनेचा खर्च त्यांना आता जड वाटू लागला. पैसा अडवला गेला आणि ऑगस्टपर्यंत लेडीज लँड लीग गुंडाळली गेली. ॲना भावाशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

## ‘या तर जमीनदारांच्याच मुली!’

हा आक्षेप रास्त आहे. पार्नेल घराणं विकलो परगण्यातल्या ॲव्हनडेल इस्टेटीचं मालक होतं. पण नेतृत्व आणि चळवळ यांत फरक करायला हवा. व्यासपीठावर सुशिक्षित, घरचे चार पैसे असलेली बाई दिसते, कारण तिच्याकडे वेळ असतो. शाखेची वर्गणी भरणारी, तिकिटं खपवणारी, जत्रेसारख्या मेळाव्यात दुकान मांडणारी बाई कामकरी होती. न्यूयॉर्कच्या ‘आयरिश वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात देणगीदारांच्या लांबलचक याद्या छापल्या जात. त्यांत डॉलर-अर्ध्या डॉलरच्या रकमा असत. संपादक पॅट्रिक फोर्ड यांची बहीण एलन फोर्ड लीगच्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या.

## धर्माचं काय?

बहुतेक आयरिश स्थलांतरित कॅथलिक होते आणि चर्चचा शब्द त्यांच्यासाठी मोठा होता. १८८१ मध्ये डब्लिनच्या आर्चबिशपनी बायकांच्या लीगवर टीका केली: घरातल्या स्त्रीने चव्हाट्यावर येणं शोभत नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडचे बिशप रिचर्ड गिल्मूर त्याच्याही पुढे गेले. १८८२ मध्ये त्यांनी शहरातल्या लेडीज लँड लीगच्या सदस्य बायकांना धर्मबहिष्कृत केलं. आपल्याकडे वाळीत टाकण्याचा अर्थ काय होतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचं वजन कळेल. चर्चच्या विधींना त्या मुकणार होत्या. हे सगळं कशासाठी? बंदी न जुमानता शाखा चालू ठेवली म्हणून. या बायका धर्म सोडणाऱ्या नव्हत्या. राजकारण पाद्र्यांना विचारून करायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

## १९१६ नंतर: सभेत उभी राहिलेली बाई

२४ एप्रिल १९१६ ला डब्लिनमध्ये उठाव झाला. ब्रिटिश सैन्याने तो आठवडाभरात चिरडला आणि पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. वाचलेले तुरुंगात गेले. आयर्लंडची बाजू परदेशात मांडणार कोण? मृतांच्या बायका, बहिणी आणि मुली.

त्यांत हॅना शीही स्केफिंग्टन सगळ्यांत प्रभावी ठरल्या. त्यांचे पती फ्रान्सिस शांततावादी होते. उठावाच्या दिवसांत दुकानांची लूट थांबवायचा प्रयत्न करत असताना त्यांना पकडलं आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमावरून कसलाही खटला न चालवता बराकीत गोळ्या घातल्या. डिसेंबर १९१६ मध्ये हॅना सात वर्षांच्या मुलाला घेऊन खोट्या नावाने अमेरिकेत पोचल्या. दीड वर्षात त्यांनी अडीचशेच्या वर सभा घेतल्या. विषय एकच: ब्रिटिश लष्करशाही मी कशी अनुभवली. जानेवारी १९१८ मध्ये त्या अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना व्हाइट हाउसमध्ये भेटल्या आणि आयर्लंडातल्या ‘कुमन ना मान’ या स्त्रियांच्या राष्ट्रवादी संघटनेचं निवेदन त्यांच्या हाती दिलं. छोट्या राष्ट्रांना स्वयंनिर्णयाचा हक्क असावा असं विल्सन जगाला सांगत होते. हॅना विचारत होत्या, मग आयर्लंडला का नको?

बायकाच का, याचं एक व्यावहारिक कारणही होतं. एप्रिल १९१७ पासून अमेरिका पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने उतरली होती. ब्रिटनविरुद्ध बोलणाऱ्याला देशद्रोही ठरवणं सोपं झालं होतं. एका विधवेवर तो शिक्का मारणं तितकं सोपं नव्हतं.

ऑक्टोबर १९२० मध्ये कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांचा लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर मृत्यू झाला. डिसेंबरमध्ये त्यांची पत्नी म्युरियल आणि बहीण मेरी यांनी वॉशिंग्टनमध्ये, आयर्लंडातल्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या अमेरिकन आयोगापुढे साक्ष दिली. मेरी त्यानंतर अमेरिकाभर फिरल्या.

## न्यूयॉर्कची गोदी, ऑगस्ट १९२०

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा प्रसंग फार कमी लोकांना माहीत आहे.

एप्रिल १९२० मध्ये काही बायकांनी वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश दूतावासासमोर फलक घेऊन उभं राहायला सुरुवात केली. ही पद्धत अमेरिकेतल्या मताधिकार चळवळीची होती. १९१७ पासून बायका व्हाइट हाउसच्या फाटकाशी अशाच उभ्या राहत. या गटामागच्या एक प्रमुख व्यक्ती म्हणजे डॉ. गर्ट्रूड केली. आयर्लंडात जन्म, लहानपणी अमेरिकेत आलेल्या, न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जन. शहराच्या चेल्सी भागात त्यांच्या नावाचं खेळाचं मैदान आजही आहे.

त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाने ‘बाल्टिक’ हे प्रवासी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ गाठून आयरिश स्वातंत्र्याची बाजू घेणारे मेलबर्नचे आर्चबिशप मॅनिक्स यांना त्यावरून उतरवलं आणि आयर्लंडात पाऊल ठेवू दिलं नाही. मॅकस्विनी यांचं उपोषण सुरू झालेलं होतं. ‘बाल्टिक’ न्यूयॉर्कला परतलं तेव्हा २७ ऑगस्टला या बायका फलक घेऊन चेल्सीच्या धक्क्यांवर पोचल्या. एका धक्क्यावरून दुसऱ्यावर जात त्यांनी कामगारांना हाक दिली. जहाजावरचे ब्रिटिश कामगार बाहेर पडले. आयरिश हमाल, कोळसा वाहणारे इटालियन आणि कृष्णवर्णीय गोदी कामगारही बाहेर पडले. बंद तीन आठवड्यांहून अधिक चालला आणि इतर बंदरांतही पसरला. पगारवाढीची मागणी नव्हती. मागणी होती मॅकस्विनींना सोडा, मॅनिक्सना आयर्लंडात जाऊ द्या.

कृष्णवर्णीय कामगार यात आले, याचं मोल मला सर्वाधिक वाटतं. आयरिश आणि कृष्णवर्णीय मजुरांमध्ये जुनं वैर होतं. १८६३ मध्ये सैन्यभरतीच्या निषेधार्थ न्यूयॉर्कमध्ये उसळलेल्या दंगलीत आयरिश जमावांनी कृष्णवर्णीयांच्या हत्या केल्या होत्या. गोदीतही आयरिश टोळ्या त्यांना चांगल्या कामाजवळ फिरकू देत नसत. या बंदात त्यांना सन्मानाने बोलावलं गेलं आणि कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या संघटनेचा प्रतिनिधी त्यांना साथ द्यायला सांगत होता. वैर संपलं असं मुळीच नाही. पण ही हाक गोदीतल्या पुरुषांच्या युनियनने दिली नव्हती, बायकांनी दिली होती.

## याने नक्की काय साधलं?

मॅकस्विनी वाचले नाहीत. आयरिश राष्ट्रवाद्यांनी १९१९ मध्ये घोषित केलेल्या प्रजासत्ताकाला अमेरिकेने त्या काळात मान्यता दिली नाही. मग हा सगळा खटाटोप वाया गेला का?

पैशाचं पाहू. १९२० मध्ये आयरिश पुढाऱ्यांनी अमेरिकेत बाँड सर्टिफिकेटं विकली. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर परत करायचं कर्ज, असं त्यांचं स्वरूप. कमीत कमी रक्कम १० डॉलर, म्हणजे मोलकरणीलाही जमेल अशी. ५० लाखांहून अधिक डॉलर गोळा झाले. बाँड खपवायला घरोघरी फिरणाऱ्यांत बायका होत्या.

दबावाचंही तसंच. युद्धातून बाहेर पडलेला ब्रिटन अमेरिकेचा कर्जदार होता. अमेरिकन शहरांत रोज आयर्लंडची बातमी छापून येणं त्याला परवडणारं नव्हतं. जुलै १९२१ च्या युद्धविरामामागे आयर्लंडातलं गनिमी युद्ध हे मोठं कारण होतं. पण परदेशातली बदनामीही लंडनच्या हिशेबात होती.

## आधी मत की आधी देश?

बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या अनेकींना वाटे, आयरिश बायका पुरुषांच्या लढ्यात राबतायत आणि स्वतःचा हक्क मागे ठेवतायत. ही भीती खरी ठरली, ते पुढे येईलच. पण हॅना मताधिकारासाठी आधीच तुरुंगात गेल्या होत्या. डॉ. केलींनी कामगार बायकांचा प्रश्न कधी सोडला नाही. त्या दोन्ही लढे एकाच वेळी लढत होत्या.

मार्गारेट कझिन्स यांचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. आयर्लंडात मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या या बाई १९१५ मध्ये भारतात आल्या. १९१७ मध्ये भारतीय स्त्रियांचं शिष्टमंडळ मताधिकार मागायला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं, त्यामागे त्या होत्या. जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं, त्यामागेही त्याच होत्या. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या. दोन वर्षांनी जतीन दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅकस्विनी कुटुंबाच्या वतीने मेरींची शोकाची तार भारतात आली.

## स्वातंत्र्यानंतर

डिसेंबर १९२१ च्या तहाने आयर्लंडचा मोठा भाग स्वतंत्र झाला, पण ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ आणि फाळणी सोबत आली. आयरिश संसदेतल्या सहाच्या सहा स्त्री-सदस्यांनी तहाविरुद्ध मत दिलं. त्यांना ‘सुडाने पेटलेल्या विधवा’ ठरवणं विरोधकांना सोपं गेलं.

मार्गारेट स्किनिडर यांची कथा पाहा. स्कॉटलंडमध्ये आयरिश आईबापांच्या पोटी जन्म, ग्लासगोत गणिताच्या शिक्षिका. १९१५ च्या नाताळात त्यांनी टोपीत लपवून स्फोटकांचे डिटोनेटर डब्लिनला नेले. उठावात बंदूक चालवली आणि तीन गोळ्या अंगावर घेतल्या. १९२५ मध्ये त्यांनी जखमी सैनिक म्हणून पेन्शन मागितली. स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने उत्तर दिलं की कायद्यातला ‘सैनिक’ हा शब्द फक्त पुरुषांना लागू आहे. पेन्शन मिळायला १९३८ उजाडलं.

त्याआधी एक वर्ष, १९३७ मध्ये, तेव्हाचे सरकारप्रमुख एमन द व्हॅलेरा यांच्या पुढाकाराने नवी राज्यघटना आली. तिच्या ४१.२ कलमानुसार राष्ट्राला स्त्रीच्या घरातल्या आयुष्याचा आधार आहे, आणि आर्थिक गरजेपोटी आयांना घरची कर्तव्यं सोडून कामाला जावं लागू नये यासाठी राज्याने प्रयत्न करावा. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न झालं की राजीनामा द्यायचा, हा नियम १९७३ पर्यंत चालू होता. द व्हॅलेरा स्वतः न्यूयॉर्कमध्ये जन्मले होते. आई कॅथरीन कोल, लिमरिक परगण्यातली स्थलांतरित, लोकांच्या घरी काम करणारी. पोटासाठी राबावं लागत असल्याने तिने दोन वर्षांच्या एमनला आयर्लंडला आजोळी पाठवलं होतं.

मार्च २०२४ मध्ये हे कलम बदलण्यासाठी सार्वमत झालं. नव्या मसुद्यात काळजी घेण्याचं काम सगळ्या कुटुंबाचं मानलं होतं. पण आजारी आणि अपंग माणसांबाबत राज्याची जबाबदारी त्यात फारच मोघम ठेवली आहे, असं अनेकांना वाटलं. जवळपास ७४ टक्के मतदारांनी नकार दिला आणि १९३७ चं कलम आजही घटनेत जसंच्या तसं आहे.